हिरव्या दाण्यांची आम्लता

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी झिओलाइटची आम्लता मोजायचे. झिओलाइट म्हणजे बारीक छिद्रांचं खनिज. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत उत्प्रेरक म्हणून लागतं. ते तापवून कोरडं करायचं, त्याला अमोनिया पाजायचा आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. आम्ल जितकं जोरकस, तितका अमोनिया उशिरा सुटतो. आलेखावर तसे उंचवटे उमटतात.

बीटी कपाशीवरही बोंडअळी दिसू लागली होती, त्या दिवाळीत मी शेगावला उतरून संग्रामपूरकडे मोठ्या बहिणीच्या घरी गेले. अळी येणारच नाही, असं सांगून बियाणं विकणाऱ्या दुकानदारानं आता तिला हिरव्या दाण्यांच्या थैल्या दिल्या होत्या. वर ‘झिओलाइट’ छापलेलं. हे युरियातला अमोनिया धरून ठेवतं, त्यामुळे नत्र कमी पडून पीक लाल पडत नाही, म्हणे. तिची कपाशी लालच होती.

"तू पुण्याले हेच मोजून राह्यली ना?" बहीण म्हणाली. "मंग हेबी मोज."

मूठभर दाणे पुण्याला नेले. पाण्यात टाकताच हिरवा रंग सुटला, खाली विटकरी माती उरली. यंत्रात घातले, तर आलेखाची रेघ सपाट; अमोनिया धरलाच नव्हता. शेजारी खरं झिओलाइट लावलं. त्याचे उंचवटे ठसठशीत आले.

प्रयोगशाळेच्या कागदावर अहवाल द्या, असं मी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना म्हटलं. मोजणी बरोबर आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण आपण कंपन्यांची कामं करतो, दुकानदारांशी भांडत नाही, म्हणाले.

मी साध्या कागदावरचाच आलेख घेऊन पुन्हा गावी आले आणि बहिणीसोबत दुकानात गेले. दुकानदारानं तो उलटसुलट पाहिला.

"मॅडम, याच्यावर शिक्का कुठी हाय?"

मी तिथल्याच पाण्याच्या पेल्यात दाणे टाकले आणि हिरवं झालेलं पाणी गिऱ्हाइकांना दाखवलं. त्यानं घाईघाईनं बहिणीच्या उरलेल्या थैल्या परत घेतल्या. आणखी दोघांनी आपल्याही आणून टाकल्या. मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार केली. नमुना तपासायला पाठवतो, म्हणाले. उत्तर कधीच आलं नाही.

पुढच्या हंगामात बहिणीचा फोन आला. तेच दाणे त्याच दुकानात निळ्या थैलीतून खपत होते. मी तडक सरांकडे पुन्हा अहवाल मागायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कंपनीचे नमुने मोजून झाले का?

झाले नाहीत, एवढंच सांगून मी त्यांच्यासमोरून उठले. त्यानंतर माझं त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं राहिलं.