कमी आलेलं पोर

समुद्रपूरच्या पुढच्या त्या गावात आमची गाडी कुणालाच नको होती. लहान मुलांच्या रक्तातलं 'अ' जीवनसत्त्व मोजायला आम्ही फिरत होतो. उजेडानं ते बिघडतं, म्हणून रक्ताची नळी लगेच चंदेरी कागदात गुंडाळायची. "लपवून काऊन नेता?" पहिल्याच ओट्यावर एकानं विचारलं. मी समजावून सांगितलं, तर ओट्यावरची माणसं माझं मराठी ऐकून हसली. इंग्रजी शाळेमुळे माझी वाक्यं पाठ केल्यासारखी येतात. म्हणून मी शक्यतो बोलत नाही, बघते.

पुढच्या घरात तीन वर्षांचा मुलगा होता. सहा महिन्यांपूर्वी आमच्याआधीच्या लोकांनी त्याचं रक्त तपासून 'कमी' असं कळवलं होतं. तेव्हापासून त्याची आजी तो शब्द सुनेवर चालवत होती. आम्हाला पाहताच तिला जोर चढला.

"या मॅडम, आमच्या सूनबाईची परीक्षा घ्या. आंगनात पपई हाये, परसात शेवगा हाये, तरी पोराच्या आंगात कमी! ही मोबाईल पाहून राह्यली तर पोराले कोण चारीन?"

सुनेच्या मांडीवरच्या मुलाच्या पायाला पिकलेले फोड होते.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"जातेत, पुन्हा येतेत," सून म्हणाली. "मागच्या टायमालेबी होते, तापबी होता. सांगतलं होतं मी त्याईले. कोणी आयकलं नाई."

शरीरात संसर्ग किंवा सूज असली की हे जीवनसत्त्व रक्तात कमी दिसतं, मूल नीट जेवत असलं तरी. म्हणूनच या वेळी आम्ही सूज मोजणारी दुसरी चाचणी जोडली होती. मागच्या वेळी ती नव्हती. मी हे सुनेला हळूच सांगितलं.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "सगळ्याईले आयकू द्या."

कुंपणाशी दोन शेजारणी येऊन उभ्या होत्या. मी मोठ्यानं सांगितलं.

"फोड पायाले, अन् कमी रक्तात?" सासू म्हणाली. "वा मॅडम! चहा पाजला वाटते हिनं तुमाले."

शेजारणी खिदळल्या.

"तो आकडा चुकीचा असू शकतो," मी म्हणाले.

"असू शकते?" आता सून माझ्याकडे वळली. "कमी हाये का नाई, तेवढं सांगा."

तेवढंच मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या चाचणीनं साऱ्या गावाचा अंदाज सुधारतो. एका मुलाच्या आकड्यात फोडांचा वाटा किती, हे तिच्यातूनही नक्की कळत नाही.

"फोड बरे झाल्यावर पुन्हा तपासावं लागेल. आज सांगता येणार नाही. तेव्हाही येत नव्हतं."

"म्हंजे तुमाले माहीत नव्हतं. अन् मी सहा महिने आयकून घेतलं." मग ती सासूकडे वळली. "आयकलं ना? त्याईलेच माहीत नाई. आता तो शब्द या घरात काढू नका."

मला वाटलं, सून आणि मी एका बाजूला आलो. मी मुलाच्या दंडाकडे हात नेला. तिनं त्याला झटकन उचललं.

"तुमी निघा. आता याले हात नाई लावू देत मी."

गाडीजवळ थांबलेले आमचे साहेब फाटकाबाहेरूनच ओरडले, "घालवलंस ना सॅम्पल! तोंड कशाला उघडलंस?"

मी सुनेला म्हणाले, "फोड तरी डॉक्टरांना दाखवा."

"दाखवीन," ती म्हणाली. "तुमाले नाई."