आधी झाडायचं, मग पुसायचं

शेवटची भेट मिरजेच्या दवाखान्यात झाली. भूपालअण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "सदा, एवढा पूस रं, समदं धुरकट दिसतंय." मी सवयीनं शर्टाचं टोक पुढे ओढलं, तर अण्णांनी सलाईन लावलेला हात उचलून माझं मनगट धरलं. "आधी झाडायचं, मग पुसायचं… किती वर्सं सांगतोय तुला?" मी ओशाळलो. बारा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट अगदी ओठांवर आली होती. पण तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली, वहिनी चहाचं विचारू लागल्या आणि मी ती पुन्हा गिळली. पुढच्या भेटीत सांगू, म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना फोन वाजला… अण्णा गेले होते.

अण्णांचा सांगलीत विश्रामबागला फोटो स्टुडिओ होता. मी इस्लामपूरचा, लग्नाचे फोटो काढणारा, त्यांच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. फोटो काढायला मी आणखी कुणाकडे शिकलो, पण कॅमेरा सांभाळायला शिकवलं ते अण्णांनी. लेन्स साफ करणं हे त्यांच्या लेखी घाईनं उरकायचं काम नव्हतंच. आधी ती पालथी धरायची, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडते. मग रबरी फुग्यानं हवा मारायची. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. नंतर मऊ ब्रश, आणि त्याच्या केसांना बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर जातं. एवढं करूनही डाग राहिलाच, तर स्वच्छ मऊ कापडावर लेन्सच्या औषधाचा एक थेंब घ्यायचा. थेंब कापडावर, काचेवर नव्हे. मग मधून कडेकडे गोल गोल, अगदी हलक्या हातानं. कण तसाच असताना फडकं फिरवलं, की तो कणच काच घासत जातो. "म्हाराज बसायच्या आधी पिंछीनं जागा झाडत्यात, ते काय उगंच व्हय?" अण्णा म्हणायचे. जैन मुनींच्या हातातली ती मोरपिसांची पिंछी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. "खाली काय हाय ते बघितल्याबिगर दाबायचं न्हाई. आन् गड्या, जरा धूळ असली म्हनून फोटो बिघडत न्हाई. उगंच पुसण्यानं बिघडतो."

हल्ली लोक मोबाईल घेऊन यायचे. अण्णा, कॅमेरा गेला वाटतं, सगळे फोटो धूसर येतात! अण्णा मागची भिंगाची काच साफ करून फोन परत द्यायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "केळ्याचं शिकरण खाल्लेला हात हितं लावू नका." आम्ही मात्र त्यांची टिंगल करायचो ती वेगळ्याच कारणानं. जगातले सगळे फोटोग्राफर ज्या सोनेरी उजेडाची दिवसभर वाट बघतात, तो पडायला लागला की अण्णा जेवायला उठायचे. सूर्य मावळल्यावर ते घास तोंडात घालत नसत. सबंध आयुष्यात त्यांनी मावळतीचा एकही फोटो काढला नसेल. लग्नाच्या कामावर आम्ही बरोबर असलो, की त्या वेळेपुरतं काम ते माझ्याकडे सोपवायचे.

बारा वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या एका लग्नातही तसंच झालं. वरात निघायच्या बेतात होती आणि ऊन कलायला लागलं. अण्णांनी आपली सगळ्यात लाडकी लेन्स माझ्या हातात दिली. "जेवून येतो. संभाळ." वरातीत गुलालाची उधळण सुरू झाली आणि काचेवर लाल थर बसला. नवरा-नवरी समोर, बँड जोरात, रबरी फुगा पिशवीत… मी शर्टाच्या टोकानं काच खसकन पुसली. फोटो मिळाले. घरी आल्यावर उजेडात धरून पाहिलं, तर काचेवर केसाएवढा ओरखडा. गुलालातल्या रेतीचं काम.

दुसऱ्या दिवशी झाकण लावून लेन्स परत दिली आणि काहीच बोललो नाही. त्यानंतर ती कधी मागितली नाही. अण्णा विचारायचे, "सदा, न्हेत न्हाईस व्हय लेन्स?" मी म्हणायचो, नवी घेतली आहे. खरं तर लाज वाटायची. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं. अण्णांनी लेन्स पुसायचं पुराण लावलं, की हा टोमणा मलाच आहे असं वाटून मी चिडायचो. पुढे पुढे स्टुडिओत जाणंही कमी केलं. ते मी करायला नको होतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी कपाटातून तीच लेन्स काढून माझ्यापुढे ठेवली. "भावजी, ही तुमची. सदा यील तवा त्याला दे, म्हनून सांगून ठेवलं व्हतं."

"वहिनी, ही माझ्या हातनं खराब झाली होती," मी कसंबसं म्हणालो.

"ठावं हाय. परत आली त्याच दिशी बघितलं त्यांनी."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हनले, त्यो आपनहून सांगंल. लय वाट बघितली त्यांनी."

मी झाकण काढलं. ओरखडा होता, पण तो आता काळा होता. काचेवर ओरखडा गेला की त्यात उजेड अडकतो आणि फोटोवर पांढुरकी झाक येते. म्हणून जुने कारागीर त्यात बारीक काडीनं काळी शाई भरतात. शाईनं ओरखडा बुजत नाही, पण तो उजेडाला फोडत नाही. अण्णांनी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या रेघेत शाई भरली होती, बाहेर एक ठिपकाही सांडू न देता. माझ्या चुकीवर एवढा हलका हात कुणी ठेवला नव्हता. मी वहिनींसमोर रडलो.

ती लेन्स आता माझ्या टेबलावर असते. तिच्याशेजारी अण्णांचा रबरी फुगा. काल संध्याकाळी अण्णांची जेवायची वेळ झाली तसा मी गच्चीवर गेलो. लेन्स पालथी धरून हवा मारली, कॅमेऱ्याला लावली आणि सूर्य उसाच्या फडामागं उतरत होता त्याचा, थेट समोरून, एक फोटो काढला. मग खाली येऊन तो मोठा करून पाहिला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

माझी चूक त्यात कुठेच दिसत नव्हती.