विमान जाईपर्यंत

माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंइतकं सुंदर गप्प बसता येणारं माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरं नसेल. आता या बाई सकाळी दूधवाल्याशी जे बोलायला लागतात ते रात्री दाराला कडी घालताना त्या कडीशीच दोन शब्द बोलून थांबतात, ही गोष्ट खरी. पण त्यांचं गाव धरणाच्या काठावर आहे, गावाच्या बाजारपेठेला लागून धावपट्टी आहे, धावपट्टी संपते तिथे पाणी सुरू होतं, आणि विमान चालवायला शिकणारी मुलं आपली छोटी विमानं घेऊन दिवसभर त्या पाण्यावर घिरट्या घालत असतात. प्रत्येक घिरटी या सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या काकूंच्या, कौलांवरून जाते. विमान डोक्यावर आलं की काकू उजवा तळवा वर करतात आणि शब्द जिथे असेल तिथे थांबतात. अर्ध्या वाक्यात नव्हे, अर्ध्या शब्दात. विमान गेलं की हात खाली येतो आणि उरलेला शब्द बाहेर पडतो, तोही त्याच सुरात.

मी राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत होते आणि हॉस्टेलच्या गोंगाटाला कंटाळले होते. बेंगळुरूत संसार थाटलेल्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, "माझ्या सासूबाई एकट्याच आहेत, वरची खोली रिकामी आहे, तिकडे राहा. अगदी शांत आहे." हे तिचं लग्नानंतरचं पहिलं खोटं असावं. मी खोली बघायला गेले तेव्हा काकू चुलीपुढे बाजरीची भाकरी थापत होत्या. "ये पोरी, बस. तुला जेवनात लस—" म्हणाल्या आणि हातावर भाकरी तशीच धरून पुतळ्यासारख्या झाल्या. वर घरघर सुरू झाली होती. मला वाटलं, यांना काहीतरी झालं. मी घाबरून "काकू, काकू" करायला लागले, तर आरतीत मोबाईलवर बोलणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरघर धरणाकडे गेली. "—ून चालतो ना?" काकूंनी विचारलं, आणि भाकरी तव्यावर पडली.

पुढे कळलं, की हा एकट्या काकूंचा रिवाज नाही, साऱ्या गल्लीचा आहे. भाजीवाली "मेथी घ्या, मे" इतकं म्हणून टोपलीवर हात ठेवून उभी राहते. समोरच्या शिकवणीत पाढे अधांतरी लटकतात. गल्लीतल्या एका लग्नात गुरुजींनी 'शुभमंगल' म्हटलं आणि विमान आलं. गुरुजी गल्लीतलेच. ते 'सावधान' तोंडात धरून उभे राहिले, मुलीकडची मंडळी मुठीत अक्षता धरून उभी राहिली. वऱ्हाड मात्र कोपरगावकडचं. त्यांनी शांतता म्हणजेच मुहूर्त असं समजून अक्षता टाकल्या, बँडवाल्यांनी सुरू केलं, हार पडले, आणि गुरुजींचं 'सावधान' आलं तेव्हा मुलाचे मामा पंगतीत जाऊन बसले होते. काकू अजून सांगतात, "नवरदेवाचं लगीन आधी लागलं, आमच्या पोरीचं मागनं."

गल्लीत सगळेच थांबतात, पण काकू त्यातल्या उस्ताद. शिवाय वरची सगळी मुलं आपलीच, असा त्यांचा ठाम समज. इंजिनाच्या आवाजावरून त्या सांगत, "ह्यो आज जेवला न्हाई," "हिला घरची आठवन आलीया." खरं-खोटं कोण तपासणार? एकदा त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडया वाऱ्यानं उडाल्या आणि त्यांनी खापर एका विमानावर फोडलं. आठवडी बाजारात खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण दिसला, त्याला त्यांनी भर रस्त्यात धरलं. "किती खाली आनतो रं? तुज्या आईनं घातल्यात का कुरडया?" तो बिचारा त्या लग्नातल्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. त्यानं उन्हात घाम पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चुकलं मावशी. फुडच्या टायमाला वरनं नेतो." काकू खूश झाल्या. त्याला घरी आणून शेंगोळे खाऊ घातले. तो कोण हे त्याच्या बोलण्यातून जेवताना उघड झालं, तरी काकू डगमगल्या नाहीत. "आसंना. चूक कबूल करनारा गडी हाय."

मला या थांबण्याचं आधी हसू येई, मग सवय झाली, आणि मग मला त्याची गरज लागायला लागली. मी इंग्रजी शाळेत शिकले. चार माणसांत मला बोलायचं असतं तेव्हा वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत उभं राहतं, मग मी त्याला मराठी कपडे घालते, आणि ते नटून बाहेर येईपर्यंत विषय तिसरीकडेच गेलेला असतो. म्हणून मी बोलतच नाही. लोकांना वाटतं, मुलगी आखडू आहे. काकूंच्या ओसरीवर मात्र गल्लीतल्या बायका गप्पा मारत बसल्या, की मधेच विमान यायचं, सगळ्यांची तोंडं बंद व्हायची, आणि तेवढ्यात माझं वाक्य तयार व्हायचं. विमान गेल्यावर काकू आपलं उरलेलं वाक्य बाजूला ठेवून म्हणायच्या, "थांबा गं, आता ही बोलनार हाय." त्यांना हे कधी कळलं, मला माहीत नाही. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांच्या मते त्यांचा संसारही विमानांनीच तारला. काका साखर कारखान्यात कारकून होते, मनानं चांगले आणि जिभेनं फार तिखट. "आमचं भांडान पेटलं, की ह्ये आता काय बोलनार ते मला तोंडावर दिसायचं. माज्या माहेराचं काढनार. नेवाशाचं नाव ओठावर आलेलं. तेवढ्यात इमान! मी हात वर केला, त्यांनी हात वर केला. दोघं आपले वाहतूक पोलिसावानी हुबे. इमान गेलं तर म्हनाले, 'काय म्हनत हुतो मी? हां, च्या टाक.'" एवढं सांगून काकू हसायच्या, आणि मग त्यांचं आवडतं वाक्य यायचं, "न म्हनलेलं न म्हनलेलंच ऱ्हातं, पोरी. त्याला मागनं पुसाया लागत न्हाई."

असंच एक न म्हटलेलं वाक्य त्या घरात अजून शिल्लक होतं. ते मला मैत्रिणीनं सांगितलं होतं. काका गेले ते रात्री. मुलगा घाबरून रात्रीच गाडी काढेल, एवढ्या लांबून एकटा चालवत येईल, या भीतीनं काकूंनी त्याला सकाळपर्यंत कळवलं नाही. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यावर तो आईला एका शब्दानं बोलला नाही. पण दर रविवारी फोनच्या स्पीकरवर दोघांची भांडणं व्हायची. "आई, इथे ये राहायला." "न्हाई येत, बापू." "मग तिथे एकटी काय करणार?" आवाज चढत चढत त्या वाक्यापाशी यायचा, वरच्या खोलीत मलाही कळायचं, की आता ते येणार. आणि विमान यायचं. फोनच्या त्या टोकाला, बेंगळुरूत, तोही थांबायचा. तो याच गल्लीत वाढलेला. विमान गेलं की म्हणायचा, "बरं, गोळ्या घेतेस ना?"

आणि अशात बातमी आली, की या धावपट्टीवर जेट विमानं उतरू द्यायची. धावपट्टी पाण्यात पुढे वाढवायची, शहरांना जोडायची, आणि शिकाऊ विमानांना दुसरीकडे हलवायचं. परवानगी द्यावी की नाही हे पाहायला नगरपरिषदेनं एक समिती नेमली. मग गल्लीत दुसरा विषय उरला नाही. एक बाजू म्हणे, कांदा विमानानं जाईल. दुसरी म्हणे, कांदा जागेवरच राहील, आपण जाऊ. मासे धरणारे म्हणाले, आमच्या जाळ्यांवर भराव घालणार का? काकूंना मात्र सगळे एकच सांगत, "तुमचं तर सोनंच झालं. पोरगा दर शनिवारी घरी!"

"यील की," काकू म्हणाल्या. "आन मग आमी दर शनिवारी समोरासमोर भांडू. तवा मधी कोन येनार?"

बायका हसल्या. मी हसले नाही. आदल्या रात्री काकूंनी भाकरीचा तुकडा बराच वेळ आमटीत बुडवून ठेवलेला मी पाहिला होता. मुलगा यावा असं त्यांना वाटत नव्हतं थोडंच? त्याच्या खोलीतली गादी त्या दर महिन्याला उन्हात घालत. तो यावा आणि ते वाक्य येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते कोणत्या समितीपुढे मांडायचं?

तरी सुनावणीला त्या गेल्या. ठेवणीतलं इरकल नेसून, मला ओढत घेऊन. शाळेच्या हॉलमध्ये गर्दी होती. पुढे समिती, बाजूला शहरातून आलेले एक सल्लागार, आणि तिसऱ्या रांगेत बॅग पायाशी ठेवून, लाल डोळ्यांनी, रात्रभर बसचा प्रवास करून आलेला काकूंचा मुलगा. येणार असल्याचं त्यानं कळवलं नव्हतं. काकू त्याला पाहून थबकल्या. "जेवला का रं?" "आई, आधी बैठक होऊ दे."

सल्लागारांनी पडद्यावर चित्रं दाखवली. जेट दिवसातून मोजकीच येतील, उलट आजच्यापेक्षा शांतता वाढेल, असं त्यांचं म्हणणं. काकूंचं नाव पुकारल्यावर त्या माईकपाशी गेल्या. "साहेब, मी काय इरोध कराया आले न्हाई. जेट आना, सोन्याचं आना. पन ह्या ल्हान इमानांना घाल—"

हात वर. मागे सगळ्या गल्लीचे हात वर. भाषण लिहून घेणारा नगरपरिषदेचा कारकूनही गावचाच, त्याचं पेन थांबलं. फक्त सल्लागार बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, बोटं पडद्याकडे जात होती, आणि एक अक्षर कोणापर्यंत पोचत नव्हतं. विमान धरणावर गेलं. "—वू नका," काकू म्हणाल्या. "बास. माजं एवढंच." हॉल हसून हसून लोटपोट झाला. अध्यक्षांनी सल्लागारांना विचारलं, "आपण काय म्हणालात?" ते म्हणाले, "मी शांततेबद्दलच सांगत होतो."

मग मुलगा उठला. हसू त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. "तुम्हाला गंमत वाटते," तो माईकवर म्हणाला. "मी या गावचा मुलगा आहे. इथे यायला मला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. माझे वडील गेले तेव्हा मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. जेट असतं तर मिळालं असतं." तो आईकडे वळला. "आणि जेट नव्हतं तरी मिळालं असतं, आई. तू जर मला त्या रात्री—"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. इतके रविवार टळलेला घाव आता अंगावर घ्यायला बाई नुसती उभी होती. हात वर करायचंही त्यांना सुचलं नव्हतं. हात वर केला तो त्यानं. घरघर मला नंतर ऐकू आली.

कोणीतरी नवशिका असावा. विमान फार हळू आलं, कौलांवर रेंगाळलं, वळावं की नाही याचा विचार केल्यासारखं शाळेवरून पुन्हा एकदा गेलं. तेवढा वेळ मायलेक एकमेकांकडे बघत उभे होते, त्याचा तळवा वर, मग त्यांचाही. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी पाहिलं आहे, पण मी ते लिहिणार नाही. आवाज पाण्यावर विरला. हात खाली आले. सगळा हॉल पुढच्या शब्दाची वाट बघत होता.

"काय म्हणत होतो मी?" तो म्हणाला.

"काय न्हाई, बापू," काकू म्हणाल्या. "च्या घ्यायचा का?"

तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा मनगटानं डोळे पुसायला लागला. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं मत जेटच्या बाजूनं लिहायचं ना? तो म्हणाला, "थांबा जरा. आत्ता काही लिहू नका." कारकुनानं काहीच लिहिलं नाही.

समितीचा अहवाल अजून आलेला नाही. मोजणीसाठी म्हणून धावपट्टी सध्या बंद ठेवली आहे आणि छोटी विमानं जमिनीवर आहेत. ती पुन्हा उडतील की टेम्पोत घालून दुसरीकडे नेतील, कोणालाच सांगता येत नाही. माझं शिक्षण संपलं, मी पुण्यात नोकरीला लागले. इथे वरून मोठमोठी विमानं जातात, पण कोणी बोलायचं थांबत नाही. माझी वाक्यं पुन्हा मागे राहू लागली आहेत.

परवा काकूंचा फोन आला तेव्हा मी घरी आईशी भांडून बसले होते. स्थळं, वय, माझं न बोलणं, नेहमीचंच. काकूंपुढे मात्र मी भडाभडा बोलत सुटले. "खरं सांगू काकू? आई म्हणजे मला ना अगदी—"

"थांब," काकू म्हणाल्या.

मी थांबले. सवयीनं तळवाही वर गेला. फोनमधून घरघर येईल म्हणून मी कान देऊन बसले. काही आलं नाही. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, एक साळुंकी ओरडली. काकूंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. एक विमान कौलांवरून जाऊन पाण्यापलीकडे पोचेल एवढा वेळ गेला.

"हां, बोल आता."

मला आता ते वाक्य बोलावंसं वाटेना. "काकू, विमानं सुरू झाली?"

"न्हाई गं. कुटली!"

"मग थांबवलंत का?"

"आता आपलं आपनच थांबायचं," काकू म्हणाल्या. "बापू बी थांबतो. काल लई वेळ थांबला. मला वाटलं, फोन कटला." मग अगदी हलक्या आवाजात, "पन खरं सांगते पोरी, वर कायतरी असलं म्हंजी सोपं जातं."