सुपडूचा रांजण

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कुणी लिहावं, याचा काही शिरस्ता असेल तर तो मला माहीत नाही. घरच्यांनी लिहावं, किंवा ज्यांच्या शब्दाला चार लोकांत किंमत आहे त्यांनी. मी या दोन्हींत बसत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं सलग लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो. सुपडू अमळनेरच्या वसतिगृहातला माझा खोलीचा जोडीदार. त्याच्या गावात तो कानबाईच्या रात्री रांजण फोडणारा पोरगा म्हणूनच लक्षात राहिला. तो रांजण त्यानं फोडला नव्हता. हे त्याच्या वडिलांना, आबांना, कळावं म्हणून लिहितोय... बाकीचं आठवेल तसं येईल.

सुपडूचं गाव धुळ्याकडे, पांझरेच्या काठी. त्याच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्यावर त्याला सुपात घालून ओढलं होतं, नाव त्यावरून. मी फैजपूरकडचा, घरी केळी, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याचा 'केळीवाला'. त्याला एक खोड होती. पोकळ काही दिसलं की बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. वसतिगृहाची टाकी, रॉकेलचा डबा, एकदा तर रेक्टरसाहेब समोर बसलेले असताना त्यांच्या टेबलाचा खण. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "हाऊ भरेल शे, बोलाव नही." भरलेलं बोलत नाही, हा त्याचा नियम. रविवारी मला घेऊन कुंभारवाड्यात जायचा आणि एकेक माठ कानाशी धरून टिचक्या मारत बसायचा. कुंभार वैतागून विचारायचा, "घेनार शे का नुसता वाजाडी ऱ्हायना?" सुपडू मुलगी बघायला आल्याच्या गंभीरपणे म्हणायचा, "काका, पोर देखाले उनू शे. जराशी बोलीसन देखू नही का?" कुंभार हसायचा आणि मग तोच आतून आणखी दोन माठ आणून द्यायचा.

हे सगळं कशासाठी, तर आवाजासाठी. तेव्हा आमच्याकडे गावोगावी भोंगे असत. भोंगा कानात शिरतो आणि तिथंच थांबतो, अशी सुपडूची तक्रार. "आवाज कानले नही, पोटले लागाले जोयजे," असं तो म्हणायचा. मोठ्या शहरांतल्या बेसच्या पेट्यांबद्दल आम्ही ऐकलं होतं, बघितली एकही नव्हती. सुपडूनं मोडक्या रेडिओंचे आणि टेपचे स्पीकर जमवले आणि ते माठांच्या तोंडावर उपडे बसवले. मडकं कोरडं हवं, पाणी प्यालेलं नको, आणि चुंबळीवर असं बसलेलं हवं की त्याला थरथरता यावं, पण चालता येऊ नये... हे त्याचं शास्त्र. खोलीत पहिल्यांदा लावलं तेव्हा माझ्या वाटीतल्या वरणावर बारीक वर्तुळं उठली. सुपडू आवाजाकडे लक्षच देत नव्हता. तो वाटीकडे बघत होता.

दुसऱ्या वर्षाच्या श्रावणात तो मला गावी घेऊन गेला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. एक रात्र देवी घरी, सगळी गल्ली जागी, आणि सोमवारी सकाळी नदीवर. त्या वर्षी ती आबांच्या घरी बसली होती. देवीच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, म्हणून सुपडूच्या आईनं मला वेगळी पुरणपोळी वाढली आणि दहा वेळा वाईट वाटून घेतलं. ओट्याखाली सुपडूनं बारा माठ मांडले होते, आणि मधोमध, ओट्याच्या पायरीशेजारी, फळीवर घरचा पाण्याचा मोठा रांजण. त्याच्या आजीच्या वेळचा. आठ दिवस उन्हात रिकामा ठेवून त्यानं तो कोरडा केला होता. गावातले म्हातारे ढोलवाले नाना कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होते.

"मना ढोलले मडकं कसाले रे?"

"नाना, तुम्हना ढोल आज धुळे लगून जाई," सुपडू म्हणाला, आणि नानांच्या ढोलासमोर त्यानं माईक ठेवला.

नानांनी पहिला ठोका मारला. तो माठांतून आणि रांजणातून बाहेर आला तेव्हा क्षणभर कुणी नाचेना. माणसं आपल्या पायांकडे बघायला लागली. एका म्हातारीनं खाली वाकून जमिनीला हात लावून पाहिलं. मग दुसरा ठोका, तिसरा... आणि गल्ली सुटली. सासरहून आलेल्या लेकी, आसपासच्या चार-पाच गावांची माणसं, फुगड्या घालणाऱ्या बाया, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. गल्ली भरली, मागचं मैदान भरलं, लोक पत्र्यांवर चढले. गाणं ऐकूच येत नव्हतं आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. ढोल छातीतून वाजत होता. मी आजवर इतक्या माणसांना एकाच वेळी सुखात पाहिलेलं नाही. आबा, जे एरवी हसायलाही वेळ लावतात, ते दाराच्या चौकटीला टेकून मानेनं ठेका धरत होते, आणि सुपडू माठांपेक्षा जास्त त्यांच्याकडेच बघत होता.

पहाटे जनरेटरमधलं रॉकेल संपत आलं. ते आणायला जाताना सुपडूनं मला ॲम्प्लिफायरपाशी बसवलं. बटणाशेजारी त्यानं कुंकवाची खूण केली होती. "याना पुढे जाऊ नको. आनि रांजणवर ध्यान ठेव. सरकना का दाबी दे."

आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही. मी वर्गात हजेरी देतानाही चाचरणारा मुलगा. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या बोटांखाली असं काही होतं की मी जरा वळवलं तर अख्खं मैदान उसळत होतं. पुढच्या रांगेतली पोरं ओरडायला लागली, "वाढाव पाहुणा, वाढाव!" मी खुणेपर्यंत गेलो. पोरांनी माझं नाव विचारलं आणि नावानं ओरडायला लागली. मी खूण ओलांडली... आणखी ओलांडली. रांजणाकडे एकदाही बघितलं नाही. तो ठोक्यागणिक बोटभर सरकत फळीच्या टोकाला गेला आणि पायरीच्या दगडावर आदळला.

नानांची टिपरी वरच राहिली. जनरेटरची घरघर तेवढी उरली. आपल्याकडे मडकं कधी फोडतात ते सगळ्यांना माहीत आहे. इथं घरात देवी बसलेली, आणि तिच्या समोर घरच्याच रांजणाच्या खापऱ्या. एक बाई रडायला लागली.

आबा पायरी उतरले. "कोनी फोडा?"

मी उभा राहिलो. तोंडही उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण सुपडू गर्दीतून डबा घेऊन धावत येत होता, त्यानं लांबूनच सांगितलं, "मी आबा. आवाज मीच वाढाया."

माझ्या नावानं ओरडणारी पोरं एव्हाना मागं सरली होती. आबांनी माझ्याकडे बघितलं. सुपडू मध्ये येऊन उभा राहिला. "त्याले काय इचारतस? तो पाहुणा शे."

आणि मी गप्प राहिलो. आबा एवढंच म्हणाले, "आजपाईन बठ्ठं बंद. माठ, आवाज, कालेज बी." सकाळी कानबाई वाजंत्रीशिवाय नदीवर गेली.

एसटी स्टँडवर मी सुपडूला म्हणालो, मी परत जातो, आबांना सांगतो. त्यानं माझी पिशवी गाडीच्या खिडकीतून सीटवर टाकून जागा धरली. "येडा शे का? माले घरना लोके शेतस. बोलतीन नि जेवाले बी वाढतीन. तू पाहुणा. तुले कोन वाढी?"

तसं झालं नाही. आबा त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. दिवाळीत त्याच्या बहिणीची सोयरीक मोडली, ती गावानं रांजणाच्या नावावर टाकली. पुढं बापलेकांत बोलणं सुरू झालं, पण गावात ढोल वाजला की सुपडूनं शेतावर जायचं, हे ठरून गेलं. हे मला त्याच्या पत्रांतून कळायचं, तेही गमतीसारखं लिहिलेलं. खोलीतले माठ मी कुंभाराला परत दिले. त्याच खोलीत मी उरलेली वर्षं त्याच्याशिवाय काढली, पास झालो, पुढच्या शिक्षणाला जळगावला आलो. दरवेळी वाटायचं, या सुट्टीत जाऊ. जाऊन आबांसमोर बसू आणि सांगू... मग सुट्टी संपायची.

या वर्षी श्रावण जवळ आला तसं मला राहवेना. तोंडानं जमत नाही तर लिहून तरी, असं ठरवून मी आबांच्या नावानं अंतर्देशीय टाकलं. पाचच ओळी. रांजण सुपडूनं फोडला नाही, मी फोडला. आवाज मी वाढवला. त्यानं मला वाचवलं. त्याला माफ करा, मला करू नका. एवढं लिहून मी ते घाईघाईनं चिकटवलं, खुशाली विचारायचंही राहून गेलं. टाकल्यावर हलकं वाटलं. आबांना अक्षरओळख नाही, त्यांच्या घरी आलेलं प्रत्येक पत्र सुपडूच वाचून दाखवतो, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरीही ते काम माझंच. तरी पेटीत टाकेपर्यंत ते माझ्या डोक्यात आलं नाही.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पोस्टकार्ड, कोपरा फाडलेलं, अक्षर गावातल्या गुरुजींचं. दारातच वाचलं.

"चि. भाऊस आबांचा रामराम. कळविण्यास फार वाईट वाटते की, आमचा सुपडू काविळीने गेला. दहावे-तेरावे झाले. तुमचे पत्र आले तेव्हा तो खाटेवर होता, उठवत नव्हते, तरी त्यानेच वाचून दाखविले. मी दोनदा वाचावयास लावले. तुम्ही एवढ्या लांबून आमच्या कपाशीची आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली, बरे वाटले. कपाशी बरी आहे. गुडघा तसाच आहे."