नावाच्या चिठ्ठीखालचा हिरवा

आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करायचो, एकाच प्रयोगशाळेत, आणि ती मला डोळ्यांसमोर नको व्हायची. तापीकाठच्या गुजर घरातली, केळीचे मळे, स्वतःची स्कूटी, वर स्वभावानं गोड. गोड माणसाचा राग राग करणं किती अवघड असतं, विचारू नका!

काम दोघींचं सारखंच. कापसाच्या सेल्युलोजपासून पाणी धरून ठेवणारं जेल बनवायचं, शेतात टाकायला. मातीत ते कुठं जातं हे दिसावं म्हणून त्याला चमकणारा हिरवा रंग जोडायचा. नुसता कालवून भागत नाही. जो जोडला जात नाही तो धुऊन काढावा लागतो, अतिनील दिव्याखाली धुवणाचं पाणी चमकायचं थांबेपर्यंत. जळगावच्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली दोघींपैकी एकीचाच नमुना जाणार होता आणि जिचा नमुना, तीच सोबत. मला जायचं होतं, बस्स.

माझं पाणी आधी स्वच्छ झालं. तिचं अजून हिरवंच. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तरी तिच्यापेक्षा चोख व्हावं म्हणून मी आणखी धूत बसले. तेवढ्यात तिचं आटोपलं आणि ओव्हनमध्ये तिची बशी जाऊन बसली.

"ठेव ना वं, मन्ही बशी बाजूले सरकाडस," ती म्हणाली.

"नको." तिची मेहरबानी कोणाला हवी होती?

माझे वडील जन्मभर मिरची वाळत घालायच्या पथारीवर राबले. आमच्या घरात जे वाळवायचं ते उन्हातच. मी बशी घेतली, तडक गच्चीवर गेले, काचेचं झाकण किलकिलं ठेवलं आणि नंदुरबारच्या उन्हाला म्हटलं, दाखव आता तुझं पाणी. दुपारपर्यंत जेल पापडासारखं कडक झालं. मी खूश.

संध्याकाळी सरांनी तो दिवा लावला. तिची बशी हिरवीगार पेटली. माझी काळीठिक्कर.

"अगं, ही काय मिरची आहे?" सर कपाळाला हात लावून म्हणाले. "हा रंग उन्हात मरतो."

मला रडू फुटणार, तेवढ्यात तिनं माझी बशी दिव्याजवळ नेली. झाकणावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या चिठ्ठीच्या सावलीत जेलची बोटभर पट्टी वाचली होती, आणि ती चमकत होती. तिच्या अख्ख्या बशीपेक्षा जास्त.

ती पट्टी मीही पाहिली होती. बोलायचं धाडस झालं नव्हतं.

"सर, मायक्रोस्कोपला एवढंच पुरतं," ती म्हणाली. "आणि हे माझ्यापेक्षा चांगलं जोडलं गेलंय." मग माझ्याकडे वळून, "जाय वं, तूच जाय."

जळगावला मी गेले. पडद्यावर माझा हिरवा धागा न् धागा दिसला, सगळ्यांनी वाहवा केली. आणि मी तिथं उभी राहून जळत होते, कारण तिच्या जागी मी असते तर त्या पट्टीवर गुपचूप अंगठा ठेवला असता.