उलट्या पिसांची कोंबडी

नवरा गेला तेव्हा मी रडले नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, रडू आलंच नाही. लोक भेटायला यायचे, मी चहा टाकायची आणि साखर विसरायची. भूल दिल्यासारखं ते वर्ष गेलं. दोन हजार साल उजाडायला अजून अवकाश होता, आणि मी स्वतःला भारी हुशार समजत होते.

चांदीप गावातल्या आमच्या घरामागे नवऱ्याची एक कोंबडी होती. तिची पिसं अंगाला न बसता उलटी, पुढे वळलेली. बघावं तेव्हा बाई नुकती वादळातून आलेली. सातिवलीच्या कारखान्यातून सुटून आला की हा आधी तिला दाणे टाकायचा, मग बायकोकडे बघायचा. तेव्हा मला तिचा राग यायचा. तो गेल्यावर मात्र एकच गोष्ट डोक्यात बसली: कोंबडी म्हातारी झालीय, ही पिसं तिच्याबरोबर संपता कामा नयेत.

तिची अंडी उबवली. निम्मी पिल्लं तिच्यासारखी, निम्मी साधी. साधं पिल्लू दिसलं की वाटायचं, त्याचं काहीतरी हातातून निसटलं. मग माझ्यातल्या दहावी शिकलेल्या बाईंनी डोकं चालवलं: बाप साधा म्हणून पोरं साधी. आमच्या साध्या कोंबड्याचा रस्सा झाला. पिल्लांतला उलट्या पिसांचा एक नर राखला आणि त्याच्याबरोबर त्याच्या तसल्याच बहिणी सोडल्या. सासू रस्सा ओरपत म्हणाली, "बाय, तू तर डॉक्टरीन झाली."

साधी पिल्लं तरीही आलीच. उलटीही आली. आणि काही निराळीच निघाली. अंड्यातून येताना गोजिरी, पण पिसं फुटली ती काडीसारखी, वळायची आणि गळून जायची. खाली नुसती लाल कातडी. पावसाच्या गारठ्यात ती एकेक करून मेली. मेलेलं पिल्लू हातात घेऊन मी वाट बघायची, आता येईल रडू. नाहीच आलं. खड्डा खणायची, हात धुवायची, भाकऱ्या थापायची.

त्यातली एक उघडी मादी जगली. नवऱ्याचं बनियन कापून मी तिला अंगडं शिवलं आणि चुलीशेजारी टोपलीत ठेवली. शेजारणी बघून गेल्या. हिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाल्या. सासूने अंगडं उलटसुलट करून पाहिलं.

"माज्या लेकाचं बनियन कोंबडीला? दे इकडे, गळा मोठा झालाय. टाका घालते."

उघडी अंड्यावर आली तोवर म्हातारी कोंबडी गेली होती, आणि राखलेला नर मुंगसाने नेला होता. साधा आम्ही खाल्लेला. शेवटी ज्या शेजारणी हसल्या होत्या त्यांच्याच दारात जाऊन त्यांचा साधा कोंबडा मागून आणला. उघडीच्या अंगात ऊब कुठली, म्हणून तिची अंडी उबवायला दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली.

पिल्लांना पिसं फुटली. सगळी उलटी. साधं एक नाही, उघडं एक नाही. नातू हल्ली शाळेच्या पुस्तकातून मला यातलं शास्त्र समजावतो. मला कळलं ते इतकंच, की उघडीजवळ द्यायला दुसरं काही नव्हतंच.

सासू पायरीवर बसली होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "बग, त्याचीच हायेत," आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. आता आपलीही पाळी, असं वाटून थोडा वेळ थांबले. मग उघडीचं अंगडं धुवायचं राहिलंय हे आठवलं, आणि उठले.