दोन देगा दिसंनात

माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण बेंबळी गावच्या लग्नात तापलं ते उगाच नव्हतं.

आमचा धंदा लग्नाच्या स्वयंपाकाच्या मोठाल्या देगा भाड्यानं द्यायचा. अब्बा गेल्यावर तो धाकट्या भावाच्या हातात आला, आणि त्याला सांभाळायचं काम माझ्याकडं. देगांसोबत आमचे बावर्ची जातात. सगळा मोहल्ला त्यांना मामू म्हणतो, आम्हीही. आमच्या जन्माआधीपासून ते आमच्या देगांवर आहेत.

लग्नघरी देगांची अदलाबदल होते, हे खरं. जाड तांब्याची जाते, पातळ पत्र्याची परत येते. म्हणून भावानं हैदराबादहून चिकटवायच्या चिपा आणल्या. कागदाएवढी पट्टी, तिच्यावर चंदेरी शाईनं छापलेली नक्षी. तोच म्हणे तिचा अँटेना. सोबत आलेलं हातातलं मशीन जवळ नेलं की देगेचा नंबर फोनवर उमटायचा. पट्टीखाली फोमचा थर होता, कारण धातूला थेट टेकली की ती मुकी होते. विकणाऱ्यानं हे भावाला सांगितलं होतं. भावानं पुढं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, शहाणा तो एकटाच ना!

मामूंना त्या फोमचा लई वैताग. कितीही घासा, राख न् तूप त्यात अडकून बसायचं. बेंबळीत जेवणं उरकल्यावर त्यांनी दोन देगांचा फोम सोलून काढला, देगा लख्ख घासल्या आणि पट्ट्या गोंदानं तांब्यावर घट्ट बसवल्या. चांगलंच करायला गेले होते बिचारे.

हमाल टेंपोत देगा चढवत होते. भाऊ दाराशी मशीन धरून उभा, डोळे फोनवर. ताडपत्री बांधून झाली आणि फोन म्हणाला, दोन कमी. मुलीकडची माणसं पान खात तिथंच बसली होती. त्यांच्यासमोर त्यानं विचारलं, "मामू, दोन देगा कुणाला दिल्या?"

राहिल्या का, असं नाही विचारलं. कुणाला दिल्या, असं विचारलं.

लग्नघरात चोर ठरलेल्या बावर्चीला पुन्हा कोण बोलावतं? मी भावाला तिथंच झापलं, ते मशीन ठेव आणि डोळ्यानं मोज म्हटलं. तो ऐकेना. मामूंनी हातानंच मला गप्प केलं, ताडपत्री सोडली आणि एकेक देग स्वतः रस्त्यावर उतरवली. हमालांना हात लावू दिला नाही. सगळ्या देगा होत्या. भाऊ ओशाळला, पण माफी राहिली बाजूला, फोम का काढला हेच विचारत बसला. मुलीचा चुलता हसत म्हणाला, मसाल्याची पिशवी पण बघून घ्या एकदा. थट्टाच होती ती, पण मामूंनी खरंच पिशवी उघडून दाखवली.

परतीच्या वाटेवर मी भावाला नको नको ते बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता. मामू तुटले तर मी तुला माफ करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पुढची सुपारी उमरग्याची होती, आणि मामू येतील की नाही या धास्तीनं मला घास गोड लागेना.

मामू आले. दारात त्यांना बघून माझे डोळेच भरले. भावानं स्वतः चहा नेऊन दिला आणि मान खाली घालून चुकलं म्हणाला. मामूंनी चहा पिऊन कप खाली ठेवला, देगांपासून जरा लांब उभे राहिले.

"शेठ, आधी तुम्ही मोजून घ्या," ते म्हणाले. "मग मी हात लावतो."

ज्या पोराला त्यांनी रिकाम्या देगेत बसवून गोल गोल फिरवलं, ज्याला आजवर 'तू' आणि 'बेटा' याखेरीज हाक मारली नाही, त्याला ते हे म्हणत होते. भाऊ त्यांच्याजवळ गेला.

"मामू, मला तू म्हणा."

"मोजा, शेठ," मामू म्हणाले.